कोपऱ्यावरच्या दुकानाची किंमत



संवत्सरी होऊन चार-पाच दिवस झाले होते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मी ओसरीवर बसलो होतो, तोच आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाचे मालक फाटक उघडून आत आले. आम्ही सारे त्यांना भाईजी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. भंडाऱ्यात दुकान थाटून चव्वेचाळीस वर्षे झालेली. काखेत लाल कापडात बांधलेल्या तीन वह्या होत्या.

“साहेब, येत्या दिवाळीला वहीपूजन झाले की दुकान आवरायचे म्हणतो. मुलगा पुण्याला बोलावतो आहे, गुडघेही आता ऐकत नाहीत. तुमचे आयुष्य बँकेत गेले. दुकानाची काय किंमत होते, तेवढी काढून द्या.”

मी होकार दिला. अशी मूल्यांकने मी नोकरीत शेकड्यांनी केली होती. दोन दुपारी पुरतील असे वाटले. प्रत्यक्षात आठवडा लागला आणि शेवटी जो आकडा निघाला त्याने माझेच समाधान होईना. तो हिशेब आज आपल्यापुढे मांडतो आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्याची सुरुवात अशाच एखाद्या दुकानातून झाली आहे, आणि ‘दुकान पुढे चालवायचे की आवरायचे’ हा प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघतो आहे.

प्रथम माल मोजला. भाईजी, त्यांच्याकडे चौदा वर्षांपासून कामाला असलेला तरुण आणि मी असे तिघे बसलो. तांदळाची पोती, डाळी, गूळ, तेलाचे डबे, मुरमुऱ्यांचे पोते, साबण, उदबत्ती, शाळकरी मुलांच्या वह्या-पेन्सिली. कांदे-बटाटे आणि तंबाखूचे पदार्थ या दुकानात कधीच नव्हते. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. भाईजींच्या दुकानात ती पहिल्या दिवसापासून होती. खरेदीच्या भावाने माल २,६०,००० रुपयांचा भरला. फळ्या, वजनकाटा आणि फ्रीज मिळून ३५,०००. नागपूरच्या इतवारीतील व येथील ठोक व्यापाऱ्यांचे देणे ७०,०००. जागा भाड्याची. येथवर काम सरळ होते.

मग वह्या उघडल्या. रोजमेळ नीटनेटका होता. चालू खतावणीत ७४ खाती होती आणि एकूण येणे १,४३,००० रुपये.

बँकेतील माणसाचा हात अशा वेळी आपोआप चालू लागतो. मी कागदावर तीन रकाने आखले. नव्वद दिवसांच्या आतील येणे ५२,०००; नव्वद दिवस ते तीन वर्षे ६१,०००; तीन वर्षांहून जुने ३०,०००. या रेषांना कारण आहे. ३१ मार्च २००४ पासून आपल्या बँकांना नव्वद दिवसांचा निकष लागू झाला. कर्जाचा हप्ता वा व्याज त्याहून अधिक काळ थकले की ते खाते अनुत्पादक ठरते. खेळत्या भांडवलासाठी कर्ज देताना दुकानदाराचे जुने येणेही सहसा जमेस धरले जात नाही. तीन वर्षांची रेषा कायद्याची आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

शिवाय वहीतील नोंद हा एकट्याने पुरेसा पुरावा नव्हे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३४ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ देखील तेच सांगते. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद न्यायालय विचारात घेते. परंतु केवळ त्या नोंदीच्या आधारे कोणावर देणे बसवता येत नाही. आपल्यातील अनेक व्यापारी मंडळींना हे ठाऊक नसते. लाल वहीत लिहिले म्हणजे वसुली पक्की झाली, असा त्यांचा समज असतो.

मी भाईजींना निकाल सांगितला, “यातले बावन्न हजार खरे धरा. एकसष्ट हजार संशयित. तीस हजार बुडीत.”

भाईजींनी वही आपल्याकडे ओढली आणि माझ्या संशयित रकान्यातील एक नाव बोटाने दाखवले. “हा पितळेच्या भांड्यांचा कारागीर. लग्नसराईचे काम झाले की याची मजुरी एकदम हाती येते. मे महिन्यात देईल.” पुढचे नाव एका विधवा बाईंचे होते. “यांची शहराबाहेर दोन एकर धानाची शेती आहे. रोवणी जुलैत. धान दिवाळीच्या सुमारास निघतो, केंद्रावर विकतात. चुकारा मिळेपर्यंत जानेवारी उजाडतो. मागची पाने पाहा.” मी पाहिली. सलग नऊ वर्षे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी ते खाते शून्यावर आलेले होते. एकही वर्ष चुकलेले नव्हते.

येथे मला माझी चूक उमगली. शेतीकर्जाला रिझर्व्ह बँकेने नव्वद दिवसांचा निकष लावलेलाच नाही. अल्प मुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन पीक-हंगाम थकल्यावर अनुत्पादक मानतात, दीर्घ मुदतीच्या पिकासाठी घेतलेले एक हंगाम. म्हणजे धान पिकवणाऱ्याला बँक कर्ज देते तेव्हा नियम धानाच्या गतीने चालतो. तीच बाई कोपऱ्यावरच्या दुकानातून तेल-साखर खात्यावर नेते, तेव्हा मात्र मी तिला नव्वद दिवसांच्या रकान्यात बसवत होतो. भाईजींनी हा नियम वाचलेला नव्हता, परंतु तो ते चव्वेचाळीस वर्षे पाळत आले होते.

या ठिकाणी एक कबुली देणे प्राप्त आहे. नोकरीत असताना, आपल्याच जिल्ह्यातील एका गावी, असाच एक दुकानदार माझ्यासमोर बसला होता. त्याला कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. माल ठीक होता, येणे मोठे होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक जुने होते. मी प्रस्ताव परत पाठवला. पुढे दोन वर्षांत ते दुकान बंद पडले. कर्ज दिले असते तर ते टिकले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. बंद पडण्याची कारणे आणखीही असतील. नियमाने मी बरोबर होतो. परंतु येणे कोणाकडून आहे आणि त्या माणसाच्या हाती पैसा वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो, हा साधा प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. तो विचारायला कोणत्याही परिपत्रकाची मनाई नव्हती.

असो. तिसऱ्या वहीकडे येतो. तिची पाने ओली होऊन वाळल्यासारखी फुगलेली होती आणि शाई जागोजागी पसरली होती.

गेल्या दहा-बारा वर्षांत लहान दुकानांनी एकामागून एक किती धक्के सोसले, हे आपण विसरत चाललो आहोत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली. त्या आठवड्यांत मी शाखेत काउंटरच्या आत होतो आणि बाहेर रांगा होत्या. रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांच्या घरची चूल त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खात्यावर पेटली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. हे निर्णय योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही; दुकानदाराला दर वेळी नव्याने शिकावे लागले, एवढेच सांगायचे आहे. मग २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. किराणा अत्यावश्यक म्हणून दुकान उघडे राहिले, पण गिऱ्हाइकांची मजुरी थांबली होती. भाईजींची खतावणी त्या चार महिन्यांत जितकी भरली तितकी कधी भरली नव्हती.

आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि भंडारा शहराच्या सखल भागांत पाणी शिरले. आमची गल्ली त्यातच होती. दुकानातील तरुणाने रोकड आणि तांदळाची पोती वरच्या फळीवर चढवली. खतावणी मात्र खालच्या खणात राहिली. पाणी ओसरल्यावर ती उन्हात वाळवली, तेव्हा एकतीस खात्यांवरील आकडे वाचता येईनात.

मी विचारले, “मग काय केले?”

“नवी वही घातली. ज्याचे पान पुसले तो दुकानावर आला की विचारायचो, तुमचे किती होते? जो आकडा सांगेल तो लिहायचो.”

एकतीसपैकी सत्तावीस जणांनी सांगितलेला आकडा भाईजींच्या आठवणीशी जुळला. दोघांनी कमी सांगितला. दोघे आलेच नाहीत. कमी सांगणाऱ्यांचे काय केले, असे मी विचारले. भाईजी म्हणाले, “त्यांच्याही घरात पाणी होते, साहेब.”

वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून मला येथे एक जुना धडा आठवला. ताळेबंदात ख्याती नावाची एक मालमत्ता असते. दुकानाचे नाव, गिऱ्हाइकांचा विश्वास, वर्षानुवर्षांचा संबंध, यांची ती किंमत. परंतु लेखामानक २६ असे सांगते की, व्यवसायाने स्वतः निर्माण केलेली ख्याती मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवता येत नाही. ती विकत घेतली तरच आकड्यात येते. मानकामागील तर्क योग्य आहे; नाही तर जो तो मनाला येईल तो आकडा लिहील. तरीही सत्तावीस माणसांनी पुसलेला आकडा स्वतः होऊन सांगितला, ही गोष्ट माझ्या कागदावर कोठेच बसत नव्हती. माझ्या मूल्यांकनात या दुकानाची किंमत माल, फळ्या आणि बावन्न हजारांचे येणे यातून देणे वजा जाता उरलेली, म्हणजे २,७७,००० रुपये एवढीच होती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा जुन्या काळाचा कढ काढतो आहे. तसे नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाचे दोषही मी याच डोळ्यांनी पाहिले आहेत. कागदासकट वजन करणारे, मुदत उलटलेला पुडा मागे सरकवून ठेवणारे, पावती मागितली की चेहरा पाडणारे दुकानदार आपल्याच समाजात आहेत. उधारीचा दुसरा चेहराही आहे. चार गिऱ्हाइकांदेखत “मागची बाकी कधी?” असे ऐकावे लागलेली स्त्री ते शब्द विसरत नाही. महामार्गाकडच्या मोठ्या मार्टमध्ये कोणी तिला काही विचारत नाही. वस्तू स्वतः हातात घेऊन पाहता येते, भाव छापलेला असतो, घासाघीस करावी लागत नाही. आमच्या सूनबाई एकदा म्हणाल्या, “बाबा, तिथे मी काय घेतले हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळत नाही.” या बोलण्यात तथ्य आहे आणि दुकानदारांनी ते मनावर घ्यावे.

भावाचेही सांगतो. एक महिना मी घरची यादी दोन्हीकडे ताडून पाहिली. ४,८०० रुपयांच्या यादीत मार्ट ३१० रुपयांनी स्वस्त पडले. मात्र त्याच फेरीत यादीत नसलेल्या ९४० रुपयांच्या वस्तू घरी आल्या. एका घराचा एका महिन्याचा हा अनुभव. त्यावरून सिद्धांत मांडू नये. आपापल्या घरी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

दुकानाच्या दोषांविषयी आपल्या परंपरेने फार पूर्वी विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत अचौर्याच्या अतिचारांमध्ये चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम मोडून व्यवहार करणे, देताना-घेताना मापे कमी-अधिक ठेवणे आणि चांगल्या मालात हलका मिसळणे यांचा समावेश आहे. सत्याच्या अतिचारांत कूटलेख म्हणजे खोटे लेखन आहे, आणि दुसऱ्याची ठेव गिळणेही आहे. नीट पाहिले तर ही किराणा दुकानाची नियमावलीच होय: वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू शिक्का, माल निखळ, वही खरी, कर चुकता. मंदिरात वा स्थानकात आपण हे ऐकतो. त्याची परीक्षा मात्र गल्ल्यावर होते. सत्तावीस लोकांनी भाईजींना खरे सांगितले, कारण चव्वेचाळीस वर्षे भाईजींच्या वहीने त्यांना खरे सांगितले होते. दुसरे कारण मला दिसत नाही.

मोठ्या दुकानांपुढे लहान दुकाने टिकतील काय, हा प्रश्न केवळ आपला नाही. जपानमध्ये १९७४ साली, टोकियोच्या तोयोसू भागात, एका कुटुंबाच्या मद्याच्या दुकानाचे रूपांतर त्या देशातील पहिल्या सेव्हन-इलेव्हनमध्ये झाले. विकल्या जाणाऱ्या वस्तूशी आपले काही देणेघेणे नाही, पण उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे कोणी बाहेरच्याने येऊन लहान दुकान गिळले नाही. वडिलांमागे दुकान चालवणाऱ्या तरुण मालकाने स्वतःच पद्धत बदलली. जागा तीच, शेजार तोच. पुढे तो प्रकार साऱ्या जपानभर पसरला. जवळ असणे हे भांडवल त्याच्याकडे आधीच होते; त्याने त्याला शिस्त जोडली.

आपल्याकडेही मार्ग आहेत. भावात मार्टशी झुंज घेऊ नये. त्यात लहान दुकानदार हरणारच. जे मार्टकडे नाही ते ठेवावे. आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु आपल्याच शहरातील किती दुकानांत खात्रीचा चिन्नोर नाव लिहून ठेवलेला असतो? गावच्या घाण्याचे जवसाचे तेल, घरगुती पापड, सणाला लागणारे नेमके जिन्नस, आपल्या घरांत चालणारे कंदमूळविरहित फरसाण, हा माल ओळखीनेच विकला जातो. चार-पाच दुकानदारांनी एकत्र येऊन इतवारीतून खरेदी केली तर गाडीभाडे वाटले जाते आणि ठोक भावही बरा मिळतो. यादी फोनवर घेऊन घरपोच देणे आज अवघड राहिलेले नाही.

उधारीही सोडू नये, मात्र तिला शिस्त लावावी. प्रत्येक खात्याला एक मर्यादा, गिऱ्हाइकाकडे तिची स्वतःची छोटी वही, महिनाअखेरीस दोघांची सही. आधी सांगितलेल्या मुदत कायद्यात एक सोय आहे: तीन वर्षे संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी लेखी कबूल केली, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. त्यामुळे ती सही दोघांच्याही हिताची. बाकी विचारायची ती एकांतात, चारचौघांत नाही.

कागदपत्रांची धास्तीही अनेकांना असते. केवळ मालाची विक्री करणाऱ्याला आपल्या राज्यात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. त्यापुढे दीड कोटींपर्यंत आपसमेळ योजनेत व्यापाऱ्याला एक टक्का दराने कर भरता येतो. जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते आणि त्यामुळे त्याचे कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोडते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. पन्नास हजारांपर्यंत ‘शिशु’, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘किशोर’. आपल्या सनदी लेखापालाला विचारून आपले दुकान कोठे बसते, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे.

आता भाईजींच्या दुकानाचे काय झाले, ते सांगतो.

मोजणीच्या सहाव्या दिवशी मी त्यांना २,७७,००० चा आकडा दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, “बाबा, पैशांचे तुम्ही पाहा. मला तुम्ही दोघे इथे हवे आहात.” त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. पुण्यात तो नोकरी करतो, त्याची मुले तेथे शिकतात. आई-वडील सातशे किलोमीटरवर एकटे असताना रात्री फोन वाजला की त्याच्या जिवात जीव राहत नाही. दुकान चालवायला मुलगा परत आला नाही म्हणून त्याला दोष देणे अन्याय होईल. आपणच त्याला शिकवले, आपणच पाठवले.

तेव्हा दुकानातील तो तरुण, जो इतके दिवस माल मोजण्यापलीकडे एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला, “बाबूजी, मी चालवू का?”

भाईजी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला विचारले, “साहेब, याला किती द्यावे लागतील?”

मी म्हणालो, “माल आणि फळ्यांचे. ठोक व्यापाऱ्यांचे देणे आणि वहीतील येणे कोणाकडे राहील, ते तुम्ही ठरवा.”

ठरले ते असे. मालाचे पैसे तो तीन वर्षांत हप्त्याने देणार. व्यापाऱ्यांचे देणे भाईजी स्वतः चुकते करणार. नव्वद दिवसांच्या आतील व त्यापुढील येणे त्याने वसूल करावे आणि भाईजींना पुण्याला पाठवावे. घाई करू नये. तीन वर्षांपेक्षा जुन्या सतरा खात्यांवर भाईजींनी माझ्यासमोर एकेक आडवी रेघ ओढली. बँकेच्या भाषेत आम्ही निर्लेखन म्हणतो तेव्हा खाते पुस्तकातून निघते, पण वसुली सुटत नाही. ही तशी रेघ नव्हती. ही माफी होती. “यांना कळवायचे का?” असे त्या तरुणाने विचारले. भाईजी म्हणाले, “नको. कळवले तर ते दुकानावर यायला लाजतील. आले की माल द्यायचा. रोख.”

ख्यातीचे त्यांनी काही मागितले नाही. तीन अटी मात्र घातल्या. काटा खरा ठेवायचा. तंबाखू-गुटख्याला दुकानात जागा द्यायची नाही. आणि गल्लीच्या मागच्या टोकाला जे दोन वृद्ध एकटे राहतात, त्यांच्यापैकी कोणी दुधाला सकाळी आठपर्यंत आले नाही, तर जाऊन दार ठोठवायचे. ही तिसरी अट ऐकून मी चकित झालो. गेली कित्येक वर्षे ते हे करत होते, आणि त्याच गल्लीत राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या तरुणासाठी मी मुद्रा कर्जाचा अर्ज भरून दिला आणि त्याच्यासोबत बँकेत गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्याने कागद चाळले आणि विचारले, “येणे किती जुने आहे?” प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी त्याला म्हणालो, “साहेब, किती जुने ते यात लिहिले आहे. कोणाचे आहे, तेही पाच मिनिटे ऐकून घ्या.” त्याने ऐकून घेतले. निर्णय अजून यायचा आहे.

दिवाळीला भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवानंतर आपण वह्यांची पूजा करू. कोणाकडे लाल वही असेल, कोणाकडे संगणक. त्या दिवशी व्यापारी बांधवांनी एक काम करावे. आपल्या येण्याच्या यादीतील प्रत्येक नावापुढे, त्या माणसाच्या हाती पैसा वर्षातून केव्हा येतो, तो महिना लिहावा. तो लिहिता आला तर आपण गिऱ्हाइकाला ओळखतो. आणि ज्यांचे दुकान नाही, त्या आपल्यासारख्यांनी महिन्याच्या यादीतील निदान काही जिन्नस तरी कोपऱ्यावरून घ्यावेत, रोखीने, आणि पावती मागून.

भाईजी त्रिपुरी पौर्णिमेनंतर पुण्याला जाणार आहेत. दुकान मात्र त्या तरुणाने आतापासूनच हाती घेतले आहे. आज सकाळी सव्वासातला शटर उघडल्याचा आवाज आला. आठ वाजून पाच मिनिटांनी तो तरुण सायकल घेऊन गल्लीच्या मागच्या टोकाकडे जाताना दिसला. थोड्या वेळाने परत आला आणि मला पाहून म्हणाला, “साहेब, काही नाही. आजीला नुसता उशिरा जाग आली होती.”